सात नंबरचे मुटके

१९ ऑगस्ट. पदार्थ: मूगडाळ खिचडी. चव: चांगली.

"मीठ?" पद्मिनबाईंनी विचारलं.

"बरोबर आहे."

"तिखट?"

"तेही बरोबर."

"मंग लेकरं कामून खाईनात, मॅडम?"

मी चमचा धुतला, चव नोंदवही मांडीवर घेतली आणि सही केली. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने अन्न चाखायचं आणि वहीत लिहायचं, असा नियम आहे. पालकांच्या सह्या मुख्याध्यापक बिडवे सर महिन्याच्या शेवटी एकदम गोळा करत. शिक्षक म्हणजे मी, कारण उरलेल्या तिघांना रोज काहीतरी असायचं. एकाचा उपास, एकाचं पोट, एकाची साखर. मला ती कारणं खरी वाटायची. मी चोवीस वर्षांची होते, लातूरहून बोरवंडला आले होते आणि शिक्षणसेविका होते. तीन वर्षं तक्रार न येता काढली की कायम.

खिचडी नुसती चांगली नव्हती. सरकारी तांदळाला, सरकारी डाळीला ती बाई कुठून वास आणायची कोण जाणे. शेवग्याचा पाला ती स्वतःच्या दारचा तोडून आणायची आणि वरून लसूण ठेचून टाकायची. मी चाखायच्या निमित्ताने वाटीभर खायचे.

चौऱ्याण्णव मुलांतली एकतीस ताट घेऊन बसायची. उरलेली ओट्यावर. ज्यांच्याकडे डबा होता ती डबा उघडायची. ज्यांच्याकडे नव्हता ती नळाला तोंड लावायची, नाहीतर पाच रुपयांचा पुडा फोडून बोटं चाटत बसायची.


विद्यार्थी आहार घेत नसल्यास कारण (एकाच चौकटीत खूण करावी): चव / सवय / आजार / इतर

हा कागद तालुक्याहून आला.

"चवीवर खूण करा," बिडवे सर म्हणाले.

"पण सर, चव चांगली आहे. मी रोज खाते."

"तुम्ही खाता हो. मुलांचं विचारलंय."

"मग चव सुधारून बघू?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघा. सुधारा."

मी सुधारायला लागले. पद्मिनबाईंना तिखट कमी करायला लावलं. टोमॅटो घालायला लावले, गूळ घालायला लावला. भिंतीवर हे मोठं ताट रंगवलं, त्यात भाकरी, वरण, पालेभाजी, अंडं, केळं. वर्गात विचारायचे, "प्रथिनं कशात असतात?" सगळा वर्ग एका आवाजात ओरडायचा, "डाळीत!" आणि ओरडून झालं की तीच मुलं डाळीच्या पातेल्याकडे पाठ करून ओट्यावर जाऊन बसायची.

गूळ घातल्यावर एकतीसची एकोणतीस झाली.

"गोड खिचडी आमालाच जाईना मॅडम," पद्मिनबाई म्हणाल्या. "लेकरांनी काय पाप केलं?"


२ सप्टेंबर. प्रार्थनेच्या वेळी.

तिसरीतली रेणुका गरड प्रार्थनेत खाली बसली आणि मग आडवी झाली. मी तिला उचलून ऑफिसात आणलं. उचलताना मला धक्का बसला. दप्तर जड होतं आणि मुलगी हलकी. जूनच्या तपासणीत एकोणीस किलो लिहिलं होतं. त्या दिवशी काट्यावर सतरा.

"सकाळी काय खाल्लंस?"

"च्या."

"काल रात्री?"

"भाकर."

"आणि काल दुपारी?"

"काई नाई. आई-बाप खुरपायला जातेत. आजीला दिसत नाई."

"मग शाळेत का जेवत नाहीस?"

"आवडत नाई."

"काय आवडत नाही? तिखट? मीठ?"

ती विचारात पडली. खरंच विचारात पडली, गणित घातल्यासारखी. मग म्हणाली, "मी खाल्लंच नाई तर."

"मग आवडत नाही हे कसं कळलं?"

"आजी म्हनली, कुनी इचारलं तर आवडत नाई म्हन."

"आणि खाल्लंस तर?"

"घरात घेनार नाई. अंगावर पानी वतून मंग घेतेत. वरच्या आळीच्या कवितानं खाल्लं तर तिला वतलं."

"का पण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मॅडम आहे आणि मला एवढंही येत नाही.

"खालच्या वस्तीतल्या बाईनं केलंय ना," ती म्हणाली.

जूनपर्यंत सरूबाई स्वयंपाक करायच्या. त्या वरच्या आळीच्या. तेव्हा चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जेवायची. ही गोष्ट त्याच चव नोंदवहीत महिन्यामहिन्याने लिहिलेली होती आणि मी मात्र टोमॅटो घालायला लावत होते.


बिडवे सर, मी, दार लावून.

"तुम्हाला आत्ता कळलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, या गावात कुत्र्यालाही माहीत आहे. तुम्ही नव्या."

"मग आपण चव का लिहितो?"

"दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून. दुसरं काही कोणी म्हणालं तर गुन्हा आहे. चव आवडत नाही म्हणणं हा गुन्हा नाही. आवडत नसेल एखाद्याला."

"मी 'इतर'वर खूण करते आणि लिहिते."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. पुढे एक ओळ मोकळी सोडलीय. तेवढ्यात गाव मावतं का बघा."

मी लिहिलं नाही. मला आठवतं ते इतकंच, की माझे कान तापले होते. सरांचा राग आला होता, त्या आंधळ्या आजीचा आला होता, कागद छापणाऱ्याचा आला होता. एका लेकराचे दोन किलो गेले होते आणि त्यासाठी छापील चौकटी चार होत्या, त्यातली एकही खरी नव्हती. आज मीच तालुक्याला पोषण सप्ताहाचं प्रशिक्षण देते. कागद बदललाय. चौकटी सहा झाल्यात.

पण तेव्हा मला एक कल्पना सुचली आणि ती मला फार हुशार वाटली. चवच म्हणता ना तुम्ही? मग चवीचीच परीक्षा होऊ द्या.


परिपत्रक: सप्टेंबरचा पहिला आठवडा. माता-पालकांची पौष्टिक पाककृती स्पर्धा घ्यावी.

पद्मिनबाई भांडी घासत होत्या. त्यांची करुणा, चौथीतली, राख आणून देत होती.

"पद्मिनबाई, उद्या मला शेवग्याच्या पाल्याचे मुटके कराल? घरून करून आणा."

त्यांचे हात थांबले. "तुमच्यासाटी?"

"हो. माझ्यासाठी."

"आमच्या घरून आनू?"

"घरूनच. इथं कुठं उकडणार."

"तुमी आमच्या घरचं घरी निऊन खानार?"

"खाणार म्हणजे काय. रोज खात नाही का?"

"हितलं येगळं. हितलं सरकारचं ऱ्हातंय." त्या हसल्या. "किती आनू?"

"वीसेक आणा."

"बया! येकट्या वीस खाता? अंगाला तर काय लागलेलं दिसंना."

करुणा खुदकन हसली. मीही हसले.

"ज्वारीचं पीठ घरचंच हाय," त्या म्हणाल्या. "पर मॅडम, आमच्यात मुटका मुठीत दाबून करतेत. वर चार बोटं उठतेत. लातूरला तसलं चालतं का? का गोल वळू?"

"बोटांचेच करा."

स्पर्धेबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आणले नसते. हे मला तेव्हा माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी पुढे पुष्कळ जणांना सांगितलं, म्हणून इथे लिहून ठेवते. माहीत होतं.


६ सप्टेंबर. व्हरांडा.

तीन बाकं जोडून वर चादर टाकली. दहा ताटल्या आणि प्रत्येकीपुढे खडूने नंबर. नावांची यादी माझ्या हातात. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दिगंबरआप्पा आले, तालुक्याचे पोषण आहाराचे साहेब आले, आप्पांच्या बायको शांताकाकू आल्या. हे तिघं परीक्षक. वरच्या आळीच्या वीस-बावीस बाया इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या.

"नावं का लिहिली नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"नाव कळलं की मार्क बदलतात, सर. प्रशिक्षणात सांगितलंय."

"हे ब्येस केलं मॅडम," आप्पा म्हणाले. "न्हाईतर म्हनतेल, अध्यक्षाच्या घरचं म्हून नंबर दिला. चवीला नाव कशाला लागतंय?"

त्यांचं ते वाक्य मी मनात जपून ठेवलं. नंतर तोंडावर मारायला.

एक नंबर खजुराचे लाडू. दोन मेथीचे धपाटे. तीन तिळाच्या पोळ्या. तिघं चाखत चाखत पुढे सरकत होते. बिडवे सरांना मी ताटली पुढे केली तर त्यांनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझा उपास आहे," म्हणाले. त्या दिवशी कसला उपास होता देव जाणे.

सात नंबर.

"अरे वा," साहेब म्हणाले. "शेवग्याचा पाला. यात लोह असतं, कॅल्शियम असतं, अ जीवनसत्त्व—"

"साहेब, लोह-बिह ऱ्हाऊ द्या. चव बगा की." आप्पांनी दुसरा उचलला. मग तिसरा. "वरून परतलाय. कडंला कुरकुरीत आन् आत मऊ. शांते, खाऊन बग."

शांताकाकूंनी मुटका मोडला नाही, अख्खा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "लसून ठेचून घातलाय. कुनाचं गं हे? कुनाचं हाय?" त्यांनी मागे वळून बायांना विचारलं. "माझ्या आईच्या हातचं आठवलं बग. ती मेल्यापासून असं खाल्लं नाई."

ताटली बायांत फिरली. परत आली तेव्हा तीन उरले होते. व्हरांड्याच्या पायरीवर मुलं उभी होती, त्यांत रेणुका. आप्पांनी स्वतः तिला बोलावलं. "ये पोरी, गरडाची ना तू? धर. खा." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दोन घासांत संपवला आणि ताटलीकडे बघत उभी राहिली. आप्पांनी दुसरा दिला.

साहेबांनी मार्कांचा कागद माझ्याकडून घेतला आणि उभे राहिले. "प्रथम क्रमांक, ताटली नंबर सात! तिघांनीही दहापैकी दहा. मॅडम, नाव सांगा."

मला यादी घडी घालून ठेवता आली असती. 'नाव द्यायचं राहिलं' म्हणता आलं असतं. सगळ्यांच्या पोटात ते गेलेलं होतंच, लेकरांचं पुढे मी बघितलं असतं. पण मला जिंकायचं होतं.

"पद्मिनबाई," मी म्हणाले. मुद्दाम मोठ्याने.

"कोन पद्मिनबाई?" मागून एका बाईने विचारलं.

"आपल्या स्वयंपाकघरातल्या."

मग शांताकाकू उठल्या, पदर तोंडाला लावून भिंतीच्या कोपऱ्याशी गेल्या आणि दोन बोटं घशात घातली. दुसरी एक उठली. तिसरी. चवीवरून आईचा हात आठवलेली ती बाई भिंतीला धरून ओकत होती आणि तिला ते पोटातून निघत नव्हतं म्हणून रडत होती.

आप्पांनी रेणुकेचा दंड धरला. "थुक. थुक म्हनतो ना!"

ती कधीच गिळून बसली होती. ती नुसतं तोंड उघडून दाखवत होती. हे बघा, काही नाही. जीभ बाहेर काढून, मान वर करून, पुन्हा पुन्हा. काही नाही, काही नाही.

स्वतःचं नाव ऐकून पद्मिनबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. हातात उलथनं. चेहऱ्यावर अर्धं हसू, कारण नाव मोठ्याने घेतलं होतं आणि 'प्रथम' हा शब्दही त्यांनी ऐकला असणार. मग त्यांना ताटली दिसली. त्यांनी आप्पांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुजी हिंमत कशी झाली गं हितं ताटली ठिवायची?" आप्पा ओरडले. "फसवून खाऊ घालतीस?"

"म्या ठिवली नाई, आप्पा."

"मंग कुनी ठिवली? ताटली चालत आली का?"

पद्मिनबाईंनी माझं नाव घेतलं नाही. त्या वाट बघत होत्या, मी बोलायची. मी बोलणारच होते. मी तोंड उघडलंही होतं.

"चौकशी करू," बिडवे सर मध्ये पडले. "आप्पा, शांत व्हा. साहेब आहेत. लेखी चौकशी करू. आता कुणी काही बोलू नका."

त्यांनी मला वाचवलं. आणि मी वाचले.

साहेब रुमालाने बोटं पुसत होते. एक एक बोट, नखापर्यंत. ते या गावचे नव्हते, या आळीचे नव्हते, त्यांनी दोन मुटके चवीने खाल्ले होते. बोटं पुसून झाल्यावर म्हणाले, "दुसरा क्रमांक कोणाचा आहे? त्यांनाच पहिला देऊन टाकू."


७ सप्टेंबर. जेवणारी मुलं: अकरा.

पद्मिनबाई ऑफिसच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. करुणा त्यांच्यामागे.

"मॅडम, मला काडून टाकायलेत."

"कोण म्हणालं?"

"आप्पा. म्हनले, फसवून चारलं म्हून लेखी लिहून घेनार. माझा भाऊ म्हनतो केस कर. मला केस-बिस नगं. मला काम पायजे. दुपारचं हिचं पोट हितंच भरतंय, माझं बी." त्या थांबल्या. "तुमी येक वळ लिहून द्या. ताटली तुमी ठिवली म्हून. बस तेवढंच."

"देते."

"मी तुमाला बोल लावत नाई. तुमी चांगल्यासाटीच केलं आसंल. पर मला आदी सांगाया पायजे होतं."

"हो. चुकलंच माझं."

"मी आनलेच नसते मंग," त्या म्हणाल्या आणि जराशा हसल्या. "येक वळ तेवढी लिहा. तुमी मॅडम हायत, तुमाला कोन काय म्हनतंय?"

"आजच लिहिते, पद्मिनबाई. काळजी करू नका."


त्याच दिवशी, साडेचार वाजता. दार पुन्हा लावून.

आप्पा खुर्चीत. बिडवे सर खुर्चीत. मलाही खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमी पोरीसारख्या," आप्पा म्हणाले. "बाहेरगावच्या. तुमाला काय म्हाईत इथलं? त्या बाईनं तुमचा फायदा घेतला."

"त्यांनी नाही—"

"आदी ऐका. समितीचा ठराव लागतोय ना तुमाला तिसऱ्या वर्साला? आमी काय नाई म्हननार हावोत? आमचं तुमच्याशी वाकडं नाई."

बिडवे सर खाली बघून म्हणाले, "मॅडम, कोणी ठेवली ते सांगू नका. नकाच सांगू. तुम्ही फक्त माहीत नाही म्हणा. ते काही खोटं बोलणं होत नाही."

"मग काय होतं?"

"खुलासा होतो."

आप्पा मोठ्याने हसले. चहा आला. आप्पांनी आपला कप स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवला. मी तो प्यायले.


खुलासा.

मी, खाली सही करणारी, शिक्षणसेविका, लिहून देते की, दिनांक ६ रोजी झालेल्या पाककृती स्पर्धेतील ताटली क्रमांक सात कोणी ठेवली याबाबत मला कोणतीही कल्पना नाही. तसेच विद्यार्थी आहार घेत नसण्याचे कारण चव हे आहे.


सही माझी आहे. अक्षरही माझं. पुढच्या आठ दिवसांत आप्पांच्या चुलतभावजयीला स्वयंपाकाला लावलं. तिच्या खिचडीत खडे असायचे, तळ करपायचा, मीठ एक दिवस विसरायची आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं घालायची. पहिल्या दिवशी चौऱ्याण्णवपैकी त्र्याण्णव मुलं जेवायला बसली. खडे वेचत, पाणी पीत, जेवली. साहेबांनी अहवालात लिहिलं: चवीत सुधारणा केल्याने प्रतिसाद उत्तम. बोरवंड शाळेला तालुक्याचं प्रशस्तिपत्र मिळालं.

रेणुका गरड डिसेंबरात एकवीस किलो झाली. हे मी सोडून देऊ शकत नाही. काट्यावर मीच उभी केली होती तिला, आकडा मीच वाचला आणि मला आनंद झाला. तो आनंद कुठे ठेवावा हे मला अजून कळलेलं नाही. आणि ज्यांच्यामुळे ती आधी उपाशी राहिली, त्यांनीच गावभर सांगितलं, बघा, बाई बदलली आणि लेकरू सुधारलं. ते खरं होतं. यापेक्षा संतापाची गोष्ट मला आयुष्यात दुसरी भेटली नाही.

तिसऱ्या वर्षी मी कायम झाले. ठराव एकमताने.


त्र्याण्णव म्हटलं, ते आधी सांगायचं राहिलं.

चौऱ्याण्णवावी करुणा. नव्या बाईच्या पहिल्या दिवशी सगळ्या रांगा लागल्या आणि ती एकटी ओट्यावर चढून बसली. पद्मिनबाई तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागल्या होत्या. करुणेच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती, वर अंबाडीची भाजी.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. माझ्या मनात काय होतं ते मला सांगता येईल: माफी मागायची हिंमत नव्हती आणि तिच्या हातचा एक घास खाल्ला तर ती मागितल्यासारखी होईल, असं मला वाटत होतं. सगळ्या शाळेदेखत, आप्पांच्या भावजयीदेखत खायचा. म्हणजे पुन्हा तेच.

"करुणा, ताट घेऊन जा की. गरम आहे."

"नगं."

"आवडत नाही का?"

"तसं नाई. आई म्हनली, घरचंच खा."

"आईने केलीय भाजी?"

"व्हय."

"छान वास येतोय. मला देतेस एक घास?"

मी हात पुढे केला. तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भाजी घेतली. हात माझ्याकडे अर्धा आला आणि थांबला. मग तिने तो घास परत भाकरीवर ठेवला आणि फडक्याची दोन्ही टोकं आत घेतली. रागाने नाही. पाठ केलेलं म्हणायचं असतं तशी सरळ बसून ती म्हणाली,

"आई म्हनली, मॅडमला द्यायचं नाई. मॅडम खातेत आन् मंग म्हनतेत, कुनी ठिवलं म्हाईत नाई."